आजीची उघाडी आणि नवी मुंबईची खाडी

उधाणाच्या भरतीला वाशी-बेलापूरच्या सखल भागातले काही रस्ते खाडीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. आपण भाजीची पिशवी घेऊन घराकडे निघालेलो असतो आणि चार इमारतींच्या पलीकडे, बांधामागे, पाणी आपल्या पावलांपेक्षा उंच चढलेलं असतं. तरी पावलं कोरडी राहतात. ती कशी राहतात हे मला आजीकडून कळलं, आणि तेही भातशेतीच्या गोष्टी ऐकताना.

आजीचं माहेर बेलापूर पट्टीतलं, आगरी. घरची खारी जमीन होती. तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "खारा पानी शेतान शिरला, त तीन वरसा भात नाय." लहानपणी मला ती म्हण वाटायची. मोठी झाल्यावर कळलं की तो सरळ हिशेब होता. भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर मुळात खाजण असतं: चिखल, खाऱ्या पाण्यात वाढणारी तिवराची झाडं, निवट्या मासे, चिंबोऱ्या खेकडे. त्या खाजणात माणसांनी दगडमातीचे बांध घातले, समुद्राला बाहेर थोपवलं आणि आतल्या जमिनीवर पावसाचं पाणी खेळू दिलं. सुरुवातीच्या पावसांनी जमिनीतला खार विरघळवून धुऊन नेला की मग भात. तोही खार सोसणारा, राता म्हणतात तो तांबडा तांदूळ.

पण धुतलेलं पाणी बाहेर जाणार कुठून? बांधाने तर सगळी बाजू अडवलेली. त्यासाठी बांधात एक तोंड ठेवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. वरून टांगलेली लाकडी झडप, फक्त खाडीच्या बाजूला उघडणारी. ओहोटी लागून बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी झडपेला ढकलत बाहेर पडतं. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडपेवर येतो आणि ती घट्ट मिटते. इंजिन नाही, वीज नाही. चंद्राच्या ओढीवर दार उघडतं आणि मिटतं.

आता नवी मुंबईकडे या. १९७० साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखायला सुरुवात झाली. खाडीकाठची बरीचशी जमीन खारी, मिठागरांची, खाजणाची. ती सगळी भरतीच्या पातळीच्या वर येईल इतका भराव घालायचा तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. म्हणून समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या हॉलंडमधली रीत इथे आणली गेली. शहराच्या खाडीकडच्या कडेला मोठमोठे तलाव खोदले. त्यांना धारण तलाव म्हणतात, बोलताना सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. रस्त्यांवरचं, गच्च्यांवरचं पावसाचं पाणी नाल्यांतून या तलावांत येतं. खाडीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवलेल्या आहेत. भरतीला त्या मिटतात, तेवढा वेळ तलाव पावसाचं पाणी पोटात धरून ठेवतो. ओहोटीला उघडतात आणि तलाव रिकामा होतो.

म्हणजे आजीची उघाडीच. फक्त लाकडाच्या जागी काँक्रीट आणि लोखंड, आणि मागे भाताच्या जागी शहर.

मला ही गोष्ट सांगावीशी वाटते कारण माणूस आणि निसर्ग यांच्याबद्दल आपण बोलतो तेव्हा चित्र फार साधं रंगवतो. एकीकडे अस्पर्श निसर्ग, दुसरीकडे माणूस. माणसाने हात लावला की निसर्ग बिघडला. खाडीकाठी राहून पाहिलं तर हे चित्र टिकत नाही. इथल्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवा, तिथे कुणाचा तरी हात लागलेलाच आहे. भातखाचर माणसाचं, मिठागर माणसाचं, त्यांच्या मधला बांध माणसाचा. बांधावर बसणारा खंड्या मात्र कुणी आणून ठेवलेला नाही.

हे केवळ आपल्याकडेच आहे असंही नाही. एर्ल एलिस हे अमेरिकी पर्यावरण अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या १२,००० वर्षांत पृथ्वीवरची जमीन कुणी, कशी वापरली याचा नकाशा त्यांनी मांडला. १२,००० वर्षांपूर्वीसुद्धा जमिनीचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग माणसाच्या वावराखाली होता, असं त्यातून दिसलं. शिकार करणारे, कंद खणणारे, वणवे लावून गवत उगवू देणारे, नंतर शेती करणारे. आज ज्या जागांना आपण रान म्हणतो आणि जिथे भरपूर जीवजाती आहेत, त्यांतल्या पुष्कळ जागा हजारो वर्षं माणसांनी वापरलेल्याच आहेत. या अभ्यासाचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आजच्या ऱ्हासाचं मुख्य कारण असं निघालं की आधीपासून वापरात असलेल्या जमिनी त्या वापरणाऱ्यांकडून काढून घेतल्या गेल्या आणि त्यांच्यावर फार जड, फार एकसुरी वापर लादला गेला.

शास्त्राच्या भाषेत परिसंस्था म्हणजे एका जागेतले सगळे जीव, तिथलं पाणी, माती, हवा, आणि त्यांच्यातली देवाणघेवाण. माणूस ती कशी बदलतो? चार-पाच मार्ग आहेत. पाण्याची वाट बदलतो, अन्नद्रव्यं वाढवतो किंवा हटवतो, गाळ हलवतो, काही जीव मारतो, काहींना नकळत पोसतो. ठाण्याच्या खाडीत हे सगळं एका नजरेत दिसतं. म्हणून पुस्तकाऐवजी खाडीच वाचू.

ठाण्याची खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या मोठ्या पाण्याला मिळते. उत्तरेला ठाण्यापाशी एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीच्या मुखाशी जोडलेली आहे. नकाशात ती नदीसारखी दिसते, पण तिचं पाणी दिवसातून दोनदा उलटं फिरतं. तिच्यावर माणसाने १८५० च्या दशकात रेल्वेचा पूल बांधला, पुढे वाशीचे पूल आले, ऐरोलीचा आला. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहिले. डोंगरात दगडखाणी चालल्या. दोन्ही काठांवर भराव पडले. खाडीत गाळ येत राहिला आणि पाण्याला जोर कमी पडत गेला तसा तो बसत गेला. उथळ चिखलाचे पट्टे रुंदावले.

चिखल वाढला म्हणजे खाडी मेली असं आपल्याला वाटेल. पण तिवराला नेमकं हेच हवं होतं.

ऐरोलीला खाडीकाठी गेलात तर तिवराच्या पानाच्या पाठीवरून बोट फिरवून बघा. उन्हात थोडी चकाकी दिसते. ते बोट जिभेला लावलं की चक्क मीठ. मुळांनी खारं पाणी ओढायचं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकायचं, अशी या झाडाची सोय आहे. खाली बघितलं तर चिखलातून पेन्सिलीएवढी शेकडो टोकं वर आलेली दिसतात. ती मुळंच आहेत, श्वासासाठी वर आलेली. या चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळं डोकं वर काढून हवा घेतात. या टोकांवर प्लास्टिकच्या पिशवीचा थर बसला तर झाड उभ्या-उभ्या गुदमरतं. तिवरांत अडकलेल्या पिशव्या काढायला जी मुलं-मुली रविवारी गुडघाभर चिखलात उतरतात, ती झाडाचं नाक मोकळं करत असतात. त्या कामाला शोभेची सफाई समजू नये.

हीच मुळं भरतीच्या पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरून ठेवतात, आणि त्या गाळात कुजलेल्या पानांमधला कार्बन दडून राहतो. कोलंबीची, चिंबोरीची, बोईटाची पिल्लं या मुळांच्या जाळीत वाढतात. कोळी माणूस तिवराला जपतो ते यासाठी.

आता फ्लेमिंगो. मराठीत रोहित. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर ते मोठ्या संख्येने दिसू लागले आणि हळूहळू वर, ठाणे-ऐरोलीपर्यंत पसरले. २०१९ च्या गणनेत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना लाखाहून जास्त पक्षी आढळले. इतके रोहित इथे का आले? रोहित, त्यातला छोटा रोहित विशेषकरून, निळ्या-हिरव्या शैवालावर जगतो. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि शैवाल ठेवून घेतो. त्या शैवालातल्या रंगद्रव्यानेच पिसं गुलाबी होतात. शैवाल वाढायला लागतं नायट्रोजन आणि फॉस्फरस. ते कुठून येतं? आपल्या न्हाणीघरातून, संडासातून, कपड्यांच्या साबणातून.

एका बादलीचा प्रवास बघा. खालापूरजवळच्या मोरबे धरणातलं पाणी नळातून नेरूळच्या घरात येतं. भांडी घासून, आंघोळी होऊन ते सांडपाणी होतं. प्रक्रिया होऊन, आणि जिथे प्रक्रिया पुरी पडत नाही तिथे तसंच, खाडीत जातं. ठाण्याचं आणि मुंबईच्या पूर्व उपनगरांचं सांडपाणीही याच खाडीला मिळतं. त्यातल्या अन्नद्रव्यांवर उथळ चिखलात शैवाल फोफावतं. गाळाचे पट्टे वाढलेलेच आहेत, म्हणजे ताटही मोठं झालेलं. कच्छच्या रणाकडून आलेला रोहित या ताटावर बसतो.

म्हणजे खाडीतला हा गुलाबी वैभवाचा देखावा बऱ्याच अंशी आपल्या सांडपाण्याने मांडलेला आहे. असंच काहीसं ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरात आहे. तिथल्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. कुत्री आपल्या उकिरड्यांवर वाढतात. आपण कचरा टाकतो तेव्हा बिबट्याला पोसतोय असं कुणाच्या मनात नसतं, पण साखळी तशीच जोडली जाते.

इथे एक धोक्याची जागा आहे, आणि ती बहुतेक जण घाईने ओलांडतात. रोहित आले, म्हणजे खाडी निरोगी आहे, असा अर्थ लावला जातो. तसं नाही. तेच शैवाल रात्री पाण्यातला प्राणवायू वापरतं. मेलेलं शैवाल कुजताना आणखी वापरतं. पाण्यात प्राणवायू उरला नाही की मासा एक तर निघून जातो, नाहीतर मरतो. रोहिताला फरक पडत नाही, तो हवेतला श्वास घेतो. जिताडा माशाला पडतो. दिवागाव, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे या गावांतल्या जुन्या माणसांना खाडीतल्या मासळीबद्दल विचारा. ती आधी हातानेच दाखवतात, जिताडा केवढा मिळायचा ते. मग सांगतात की आता जाळं ओढलं की वर काय येतं. एकाच सांडपाण्याने एका जीवाला मेजवानी दिली आणि दुसऱ्याचा घास काढला, आणि त्या दुसऱ्यावर ज्यांचं घर चालत होतं त्या माणसांचाही.

म्हणून "निसर्ग बहरतोय का" असं विचारण्याआधी मी विचारते, कोण बहरतंय आणि कोणाच्या जिवावर? हा प्रश्न मासळी, पक्षी आणि माणूस तिघांनाही लावावा लागतो.

पुन्हा धारण तलावाकडे येते, कारण सगळ्यात अवघड पेच तिथे आहे.

झडपेला गंज लागला, तिच्या फटीत कचरा अडकला, की ती नीट मिटत नाही. मग भरतीचं पाणी तलावात शिरतं. पाण्याबरोबर गाळ येतो, गाळाबरोबर तिवराचं बी तरंगत येतं. दोन-चार वर्षं गाळ उपसला नाही तर रोपं उभी राहतात. दहा-पंधरा वर्षांत शहराच्या मधोमध एक कांदळवन, म्हणजे तिवरांचं रान, तयार होतं. बगळे येतात, खंड्या येतो, कोल्हासुद्धा दिसतो. बघणाऱ्याचा जीव सुखावतो. आणि त्याच वेळी तलावाची खोली कमी होत जाते. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरची भरती एकाच वेळी गाठ पडली की पावसाचं पाणी धरायला जागा उरत नाही. पाणी मग आपल्या तळमजल्यात जागा शोधतं.

तिवरं तोडून गाळ काढावा म्हटलं तर कायदा मध्ये येतो, आणि योग्य कारणाने येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम थांबवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकारावर घाला आहे. हा कडक बांध घातला गेला नसता तर आज आपल्या किनाऱ्यावर डेब्रिजचे ढीग आणि त्यावर टॉवर असते. त्यामुळे तलावात झाडं उगवली म्हणून कायदाच चुकीचा, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण पूर आल्यावर रडणारा तळमजल्यावरचा माणूसही खोटं बोलत नाही.

माझं मत असं की हा पेच झाड आणि माणूस यांच्यातला नाहीच. ज्या तलावातला गाळ ठरलेल्या वर्षी निघतो, ज्याची झडप दर पावसाळ्याआधी तपासली जाते, तिथे कांदळवन उभं राहत नाही आणि तोडायची वेळही येत नाही. जिथे वीस वर्षं दुर्लक्ष झालं आणि रान उभं राहिलं, तिथे ते सरसकट कापण्याऐवजी परवानगी घेऊन पाण्याच्या वाटा तेवढ्या मोकळ्या कराव्यात, जेणेकरून झाडंही राहतील आणि पाणीही वाहील. हे काम कंटाळवाणं आहे, खर्चाचं आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही. खारबंदिस्तीतही, म्हणजे बांध घालून राखलेल्या आजीच्या खाऱ्या शेतीतही, हेच काम सगळ्यात मोठं होतं.

आजीच्या गोष्टींत बांध बांधल्याचं वर्णन जवळजवळ नव्हतंच. तो तिच्या आधीपासूनच होता. होतं ते बांध राखल्याचं. उन्हाळ्यात चिखलाची ढेकळं काढून बांधावर चढवायची. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची. उधाणाच्या रात्री कुणीतरी कंदील घेऊन बांधावर फिरायचं. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की हाक मारायची, आणि हाक आली की ज्याची जमीन त्या खांडीजवळ नाही त्यानेही धावायचं, कारण खारं पाणी एकाच्या खाचरात थांबत नाही. कोकणात यासाठी शिलोत्राची जुनी पद्धत होती. बाहेरच्या बांधाची जबाबदारी कुणाची आणि तिच्यापोटी भातातून किती धान्य द्यायचं, हे ठरलेलं असे. त्यात अन्यायही होते, वरचा हिस्सेदार वरचढ असे. पण राखण कुणी करायची हा प्रश्न अधांतरी नसे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. सामाईक गोष्ट कुणाचीच नसते, म्हणून ती नासतेच, असं तेव्हा मानलं जाई. जगभरातली मासेमारीची गावं, कालव्यांवरचे शेतकरी, डोंगरातली कुरणं अभ्यासून त्यांनी दाखवलं की तसं होतंच असं नाही. वापरणाऱ्यांना नियम ठरवण्यात वाव असेल, नियम मोडणारा दिसत असेल आणि राखणाऱ्याला राखण्याचं फळ मिळत असेल, तर सामाईक गोष्ट पिढ्यान् पिढ्या टिकते.

नवी मुंबई उभी राहताना नेमका हाच धागा तुटला. जमिनी संपादित झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. पैशाचा, भूखंडाचा हिशेब त्या लढ्याने मिळवून दिला आणि तो मिळायलाच हवा होता. पण उघाडी कशी राखायची हे ज्यांना ठाऊक होतं त्यांचं नाव आता कागदावर प्रकल्पग्रस्त एवढंच उरलं, आणि झडपा ठेकेदाराकडे गेल्या. ज्ञान आणि जबाबदारी यांची फारकत झाली. जमिनीच्या हिशेबात ही किंमत कुठे धरली गेली नाही.

तरीही मी निराश नाही, आणि त्याला कारणं आहेत.

२०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. त्यात अर्ध्याहून जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२ साली ही खाडी रामसर या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, ६,५०० हेक्टरांहून मोठं क्षेत्र घेऊन. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून खास कांदळवन कक्ष आहे. २०१७ पासून कांदळवनाकाठच्या गावांसाठी उपजीविकेची योजना आहे. खेकडे, कालवं, शोभेचे मासे वाढवायचे आणि झाडं राखायची, अशी तिची बांधणी. म्हणजे राखणाऱ्याला राखण्याचं फळ. ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सांडपाणी आणखी एका टप्प्याने शुद्ध करून कारखान्यांना देण्याची सोय उभी राहिली आहे. त्यामुळे तेवढं पिण्याचं पाणी वाचतं आणि खाडीवरचा भारही हलका होतो.

आणि नेरूळचं डीपीएस तळं. खाडीतला चिखल भरतीला बुडाला की रोहितांना उभं राहायला जागा नसते. मग ते काठाच्या उथळ तळ्यांत येऊन विसावतात आणि ओहोटीला परत खाडीत चरायला जातात. ही विसाव्याची तळी बहुतेक शहर उभारताना बांधांमागे राहिलेली, माणसाच्याच कामातून झालेली. २०२४ साली या तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली. पाणी आटलं, उरलं ते साचून राहिलं, आणि त्या उन्हाळ्यात नेरूळ परिसरात रोहित मरून पडले. त्याच मे महिन्यात घाटकोपरवर विमानाला धडकून ३९ रोहित एका रात्रीत गेले. आसपासच्या रहिवाशांनी तळ्यासाठी मानवी साखळ्या केल्या, तक्रारी केल्या, पाठपुरावा सोडला नाही. पाण्याची वाट पुन्हा मोकळी झाली. २०२५ मध्ये तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तळ्याच्या दुखण्याला औषध साधंच निघालं. भरतीला आत येऊ द्यायचं, ओहोटीला बाहेर जाऊ द्यायचं.

म्हणून मला वाटतं, अभयारण्याच्या हद्दीइतकंच महत्त्व पाण्याच्या ये-जा करण्याच्या वाटांना द्यायला हवं. प्रत्येक धारण तलावाची झडप कुठे आहे, ती शेवटची कधी तपासली, गाळ कधी काढला, हे तलावाच्या काठावर पाटीवर लिहिलेलं असावं. आणि तपासणाऱ्यांत गावठाणातली, खाडी ओळखणारी दोन माणसं असावीत, मान आणि मानधन दोन्ही देऊन. पाणी कुठून शिरतं हे त्यांना यंत्राआधी कळतं.

स्वतः बघायचं असेल तर वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही. झडपेचा जोर बघायचा तर अमावास्या किंवा पौर्णिमेला जायचं, उधाणात.

मी गेल्या पावसाळ्यात गेले होते, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. भरती चढत होती. एका झडपेच्या खालच्या कडेला प्लास्टिकचं पोतं अडकलं होतं आणि त्या वीतभर फटीतून खारं पाणी जोरात आत येत होतं. काठावर साठीचे एक काका उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात आकडा लावलेला बांबू. तिसऱ्या खेपेला त्यांनी पोतं ओढून काढलं. झडप धाडकन मिटली, पाण्याचा आवाज थांबला. मी विचारलं, तुम्ही इथे कामाला का? नाही म्हणाले, इथलेच. मग बांबू खांद्यावर टाकून ते पुढच्या झडपेकडे निघाले.